जोडनाव

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. मी पडले सातवी शिकलेली बाई. पापडांत खार किती घालावा हे विचारा, सांगेन. लेख कसला लिहिणार! त्यावर त्या म्हणाल्या, "पापडखार मागच्याच अंकात छापून झाला. तुमच्या नातीच्या नावावरून आळीभर चर्चा झाली ना, तेच लिहा." चर्चा झाली हे खरे. आणि त्या चर्चेपायी मी चार जाणत्या माणसांना विचारले, थोडेफार वाचले, तेव्हा नावांची ही भानगड आजकालची नसून फार जुनी आहे असे दिसून आले. तेच येथे मांडते. उणेअधिक झाल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.

२०२४ च्या श्रावणात आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. पाचवी पुजून होते न होते तोच लेकीचे आणि जावयांचे फोनवर खलबत सुरू झाले. मला वाटले, पंचांग बघून अक्षर काढतील आणि त्या अक्षरावरून नाव ठरवतील. पण नाही. लेकीने वाण्याच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर आपले नाव लिहिले, त्याखाली जावयांचे लिहिले आणि दोन्ही नावांतली अक्षरे सुटी करून भाजी निवडावी तशी निवडायला बसली. हे काय म्हणून विचारले तर म्हणाली, "आई, आमच्या दोघांच्या नावांतून बाळाचे नाव करायचे आहे. हल्ली असेच करतात."

तिच्या नावातला 'तृ' घ्यायचा आणि जावयांच्या नावातला 'शा' घ्यायचा असे ठरले. जावयांचा मान म्हणून प्रथम त्यांचे अक्षर पुढे लावून पाहिले, तर झाले 'शातृ'! घरात शत्रू कोण म्हणून आणील? तेव्हा अक्षरे उलटी केली आणि नाव झाले 'तृशा'. आमच्या लेकीचे अक्षर पुढे आले ते असे, कुणी हट्ट केला म्हणून नव्हे.

आता हे नाव ऐकून पहिला आक्षेप घेतला तो आमच्या विहीणबाईंनी. त्या पेणच्या, जुन्या शाळेत व्याकरण घोकलेल्या. त्या म्हणाल्या, "तृषा म्हणजे तहान. नातीला काय तहान म्हणून हाक मारायची?" लेकीने सांगून पाहिले की तहानेच्या तृषेत पोटफोड्या ष असतो, आपल्या नावात शहामृगाचा श आहे. पण हाक मारताना श कुठला हे कोणाच्या कानाला कळते? आमच्याकडे एप्रिल-मे लागला की विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि त्यात घरात ही तहान, असे मीही मनात म्हटले. खोटे कशाला सांगू!

परंतु विहीणबाईंच्या मनातली खरी गोष्ट वेगळी होती. त्यांच्या सासूबाई, म्हणजे बाळाच्या पणजी, त्याच वर्षी माघात गेल्या होत्या. घरात मुलगी आली तर पणजीच परत आली असे त्या धरून बसल्या होत्या. पणजीबाईंचे नाव नदीचे, जुन्या वळणाचे. ते नाव आता घरात पुन्हा ऐकू येणार अशी त्यांना आशा होती. त्या उघड काही बोलल्या नाहीत. फक्त फोन करायचे थांबल्या. बारसे आठ दिवसांवर आले आणि दोन्ही घरांत हा अबोला. मी मात्र मधल्यामधे. लेकीची समजूत घालावी तर ती म्हणते, "नऊ महिने मी पोटात वागवली, नावात माझे एक अक्षर असले तर कुणाचे काय गेले?" याला उत्तर काय द्यावे?

तेव्हा मी आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांकडे गेले. म्हटले, असली जोडकामाची नावे पूर्वी कोणी ठेवीत असे का? मास्तर हसले आणि म्हणाले, "बाई, तुमचे माहेर अलिबागचे. तुमच्या माहेराशेजारीच होती की!"

माझे माहेर अलिबागेस, इस्राएल आळीपासून हाकेच्या अंतरावर. तेथे मागेन आबोत हे बेने इस्राएल लोकांचे प्रार्थनामंदिर आहे, १८४८ सालचे. लहानपणी आम्ही त्यांना शनवार तेली म्हणत असू, कारण घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी गलबत फुटून आपल्या मांडव्याच्या दक्षिणेस, नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांत सात पुरुष आणि सात बायका एवढ्याच वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव राहिले आणि गावांवरून त्यांना आडनावे पडली. किहीमचे ते किहिमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर. पण खरी गंमत पुढच्या नावांची आहे. त्यांच्या धर्मग्रंथातली नावे त्यांनी सोडली नाहीत, मात्र ती आपल्या मराठी तोंडात बसतील अशी करून त्यांना आपला 'जी' जोडला. शमुवेलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, यहेज्केलचा हसाजी. अर्धे नाव दूरदेशीचे आणि अर्धे आपल्या कोकणातले! याला जोडनाव नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

त्यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या पलटणीत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवानिशी सुटल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत प्रार्थनामंदिर बांधले अशी हकिगत सांगतात. मुंबईतले ते पहिलेच. इंग्रजी कागदांत हेच गृहस्थ सॅम्युएल एझिकेल दिवेकर आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात शिक्षण वाढले तसे लोकांनी 'जी' टाकून पुन्हा सॅम्युएल, अब्राहाम अशी मूळ नावे उचलली. हाईम सॅम्युएल किहिमकर नावाच्या त्यांच्याच एका विद्वानाने १८९७ साली आपल्या समाजाचा मोठा इतिहास लिहिला. तो छापून निघाला मात्र १९३७ साली. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशी निघून गेली, तरी आमच्या लहानपणी आळीत एक म्हातारी आजी होत्या. त्यांना सगळे मराठीतूनच हाक मारीत, आणि त्यांचे शाब्बाथचे नाव वेगळे आहे हे मला फार उशिरा कळले. असो.

मास्तरांनी दुसरे उदाहरण दिले ते तर थेट भोसल्यांच्या घराण्यातले. मालोजीराजांना मूल होत नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, मग दोन मुलगे झाले आणि त्या एकाच पिराच्या नावाचे दोन तुकडे करून थोरल्याचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी असे ठेवले, अशी कथा आहे. आमच्या लेकीने दोन नावांचे एक केले, मालोजीराजांनी एकाची दोन केली. जोड तीच, फक्त उलटी.

देवादिकांत तर ही जोड पूर्वापार आहे. सीताराम, राधाकृष्ण, लक्ष्मीनारायण, गौरीशंकर. बायकोचे नाव पुढे आणि देवाचे मागे, तरी कुठल्या भटजींनी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. आपल्याच जिल्ह्यातले हरिहरेश्वर पाहा, हरीही त्यात आणि हरही त्यात. फरक एवढाच की जुन्या लोकांनी दोन्ही नावे सबंध ठेवून शेजारी शेजारी बसवली. हल्लीची मुले कात्री लावतात.

पण मला विचाराल तर मास्तरांच्या सर्व बोलण्यात मनाला लागून राहिली ती एकच गोष्ट. त्यांनी मला २०१९ सालच्या आपल्या मंडळाच्या नाशिक सहलीची आठवण दिली. पांडवलेणी पाहायला आपण दोनशेच्या वर पायऱ्या चढलो होतो आणि निम्म्या जणी मधेच बसल्या होत्या, ती. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री नावाच्या राणीचा लेख कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर असताना तिने ते लेणे बौद्ध भिक्षूंना दान दिले, आणि लेखात स्वतःला महाराजाची आई व महाराजाची आजी म्हणवून घेतले. मुलगा गौतमीचा पुत्र म्हणून ओळखला जाई, नातू वासिष्ठीचा पुत्र म्हणून. एवढे पराक्रमी राजे, पण नावाच्या आधी आई! त्या सातवाहनांच्या काळी आपले चौल मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलाच्या, म्हणजे चौलच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे आपल्या या किनाऱ्यावरच्या लोकांनी आईच्या नावाने ओळखले जाणारे राजे पाहिले आहेत.

मात्र मास्तरांनी एक बारकावा सांगितला. गौतमी, वासिष्ठी ही त्या बायांची स्वतःची नावे नव्हेत, ती गोत्रावरून आलेली आहेत. राणीचे स्वतःचे नाव बलश्री. ते मुलाच्या नावात नाही. ते राहिले फक्त दगडावर, तेही तिने स्वतः कोरवून घेतले म्हणून. ते ऐकून मी घरी आले आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही.

त्याचे कारण सांगते. माझे लग्न १९९८ साली झाले. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझे नवे नाव लिहिले. मला कोणी विचारले नव्हते. माझे माहेरचे नाव थोरल्या जाऊबाईंचेही होते, एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत एवढेच त्याचे कारण. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण एकोणीस वर्षे ज्या नावाला मी ओ दिली ते नाव ताटातल्या तांदळाबरोबर गोळा होऊन डब्यात गेले. पहिले सहा महिने मला नव्या नावाने हाक मारली तर मी वळत नसे, आणि सासूबाईंना वाटे की सून ऐकायला कमी येणारी दिली. पुढे बचतगटाचे खाते काढताना शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे, अशी पंचाईत झाली. प्रतिज्ञापत्र करण्यासाठी एका कचेरीत चार खेटे घातले तेव्हा कोठे ती मीच हे सिद्ध झाले. माझ्या जन्माच्या दाखल्यावर तर जिल्हाही कुलाबा आहे. १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. जिल्ह्याचे नाव बदलले ते निदान सरकारी हुकूम काढून! लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असा कोठलाही कायदा नाही, हे मला त्या कचेरीतच एका वकीलबाईंनी सांगितले. तोवर वीस वर्षे उलटून गेली होती.

माहेरी आई होती तोवर जुने नाव जिवंत होते. आता भाऊ तेवढा त्या नावाने हाक मारतो, तोही रक्षाबंधनाला.

म्हणून लेकीचा हट्ट मला जरा वेगळाच दिसू लागला. आपल्या लहानपणी नावे कशी ठेवीत? सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी आला तो बुध्या. आधीची मुले जगली नाहीत तर दृष्ट लागू नये म्हणून दगडू किंवा धोंडू. आजोबा गेले असतील तर नातवाला त्यांचे नाव. आणि मुलीमागून मुली झाल्या तर नकुशी! सातारा जिल्ह्यात २०११ साली असल्या नकोशा नावाच्या दोनशे ऐंशीहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावे दिली, ते सर्व वर्तमानपत्रांत आले होते. घरात आठ-दहा पोरे, मग एकेकाच्या नावावर विचार करायला फुरसत कोणाला? आणि या सगळ्या रीतींत आईच्या नावाचा संबंधच येत नसे. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव. आई कोठेच नाही.

आता एक किंवा दोन मुले. आईबाप दोघेही शिकलेले, दोघेही कमावते. मग त्यांना वाटते, मुलात जशी दोघांची चेहरेपट्टी उतरते तसे नावही दोघांचे उतरावे. दुसरे म्हणजे, वर्गात त्याच नावाची चार मुले नकोत. आमच्या भाचीच्या वर्गात आर्यन नावाचे तिघे होते, शिक्षिका त्यांना मोठा, मधला, धाकटा म्हणत. शिवाय सिनेमातल्या मंडळींचे पाहून तर या गोष्टी झपाट्याने पसरतात. शाहिद कपूर आणि मीरा यांना २०१६ साली मुलगी झाली, तिचे नाव मिशा. मीरातला 'मी' ऱ्हस्व करून घेतला आणि शाहिदमधला 'शा'. आमच्या लेकीने तोच धडा गिरवला असा मला दाट संशय आहे, ती कबूल करीत नाही एवढेच.

ही हौस आपल्याच मुलांची आहे असेही नाही. रशियात क्रांतीनंतर व्लादिमीर लेनिन या नावाचे तुकडे जोडून मुलांची 'व्लादलेन' अशी नावे ठेवली गेली. आणि लेकीने मला एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगितली, 'ब्रेकिंग डॉन' नावाची, स्टेफनी मेयर या अमेरिकन बाईंनी लिहिलेली, २००८ सालची. त्यात नायिका आपल्या मुलीला रेने आणि एस्मे या दोन आज्यांची नावे मिसळून 'रेनेस्मे' असे नाव देते. वाचणारे पुष्कळ हसले म्हणे, तरी तिकडच्या काही आयांनी आपल्या खऱ्या मुलींना ते नाव ठेवले. दोन आज्या! मी लेकीला म्हटले, बघ, तिकडे आज्यांनासुद्धा वाटा मिळतो. ती म्हणाली, "तुझे कुठले नाव घेऊ, माहेरचे की सासरचे?" मी गप्प बसले.

जोडनावांत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. पुष्कळ नावांना काही अर्थच नसतो. मुलगा की मुलगी तेही कळत नाही. प्रत्येक नावाला शेवटी 'अंश' लावायची टूम निघाली आहे, आमच्या आळीत शिवांश, रुद्रांश आणि रियांश असे तीन अंश एकाच झोक्यावर भांडत असतात. वेगळे नाव हवे म्हणून सगळेच सारखे करू लागले की वेगळेपण राहते कुठे? आणि जुन्या नावांच्या पाठीमागे कोणीतरी माणूस उभे असते, पणजी, देव, नदी. नव्या नावाच्या पाठीमागे वाण्याचे बिल. विहीणबाईंचे दुःख खोटे नव्हते.

यातून वाट निघाली ती पुन्हा जुन्या शास्त्रातूनच. बारशाच्या आदल्या दिवशी मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, नामकरणात एकच नाव ठेवावे असे नाहीच. देवतेचे नाव, महिन्याचे नाव, नक्षत्राचे नाव आणि व्यवहाराचे नाव अशी चार नावे असतात. व्यवहारातले आईबापांनी ठरवावे, मग घरातल्या मोठ्यांनी मायेने आणखी एक जोडले तर कोण अडवतो? मी तसाच पेणला फोन लावला. म्हटले, "विहीणबाई, पाळण्यातले नाव तुमचे. कानात तेच जाऊ दे. कागदावरचे मुलांचे राहू दे." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "घुगऱ्या तुम्ही करता की मी आणू?"

बारशाला त्या आल्या त्या डबाभर घुगऱ्या घेऊन. आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्र करून पणजीबाईंचे नाव सांगितले, मग मोठ्याने 'तृशा' म्हटले, आणि बायकांनी पाठीत धपाटे घातले ते इतके की आत्याबाई कळवळल्या. विहीणबाई अजूनही नातीला नदीच्याच नावाने हाक मारतात. पोर दोन्ही हाकांना वळते.

राहिला कागद. ज्या भगिनींच्या घरी पाळणा हलायचा आहे त्यांच्यासाठी लिहिते. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवाय करता येते, आणि नाव वर्षाच्या आत फुकट घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. तेव्हा घाईने भांडू नये. आमच्या दाखल्यावर पहिल्या खेपेस संगणकावर बसलेल्या मुलाने नेमका पोटफोड्या ष टाकला, आणि लेकीने "तहान नको!" म्हणून तो तिथल्या तिथे बदलून घ्यायला लावला. त्या गडबडीत मी तो कागद हातात घेऊन वाचला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे राज्य सरकारने बंधनकारक केले आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. तृशा, त्यापुढे आमच्या लेकीचे सबंध नाव, त्यापुढे जावयांचे.

मी लेकीला म्हटले, "अगं, आता तुझे पुरे नावच आले की तिच्या नावात. मग ते अक्षर कापायची काय गरज होती?" ती म्हणाली, "ते सरकारने दिले. 'तृ' मी दिला." आणि बाळाला माझ्याकडे देऊन ती दाखल्याच्या दोन जास्तीच्या प्रती मागायला पुन्हा खिडकीशी गेली.